शोधनिबंधातले संदर्भ: स्वल्पविरामाच्या पलीकडे

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे. शेवटची प्रश्नोत्तरे निवडक आहेत.)

विषय रूक्ष आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे. संदर्भ कसे द्यायचे, संदर्भसूची कशी लावायची, नावानंतर स्वल्पविराम की पूर्णविराम, साल कंसात की शेवटी. संशोधन करणारे विद्यार्थी हे काम निबंध पाठवायच्या आदल्या रात्रीसाठी राखून ठेवतात. मार्गदर्शकही म्हणतात, "ते फॉरमॅटिंगचं नंतर बघू." म्हणून स्वल्पविरामावर यायच्या आधी एक गोष्ट सांगतो. ती वैद्यकातली आहे, पण लागू सगळ्यांना आहे.

१० जानेवारी १९८० च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या अंकात एक पत्र छापून आलं. लेख नव्हे, संपादकांना पत्र. पाच वाक्यांचं. लिहिणारे दोघे, पोर्टर आणि जिक. त्यांचं म्हणणं असं की, रुग्णालयात दाखल असलेल्या ज्या रुग्णांची नोंद आम्ही ठेवली, त्यांपैकी ११,८८२ जणांना अफूवर्गीय वेदनाशामक औषध दिलं गेलं होतं. आणि पूर्वी व्यसन नसलेल्यांमध्ये नीट नोंदलेली व्यसनाची उदाहरणं फक्त चार सापडली. बस, एवढंच. रुग्ण इस्पितळातले, औषध देणारी नर्स, देखरेखीखाली. घरी गोळ्यांची बाटली घेऊन गेलेल्या माणसाचं काय होतं, याबद्दल त्या पत्रात एक अक्षर नाही.

पुढे काय झालं? १९९० च्या दशकाच्या मध्यात ऑक्सिकॉन्टिन हे औषध अमेरिकेत बाजारात आलं, आणि या पत्राचे उल्लेख वाढत गेले. २०१७ मध्ये कॅनडातल्या काही अभ्यासकांनी बसून सगळे उल्लेख मोजले. ६०८ निघाले. त्यांतल्या सुमारे ७२ टक्के लेखकांनी हे पत्र 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून दिलं होतं. आणि जवळजवळ ८१ टक्के लेखकांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, ही गोष्टच सांगितली नव्हती. अमेरिकेत या औषधांनी काय हाहाकार केला, ते तुम्ही वाचलेलं आहे. सगळा दोष एका संदर्भाचा, असं मी म्हणणार नाही. औषध कंपन्यांचा प्रचार होता, इतर कारणं होती. पण त्या प्रचाराला विद्वत्तेचा जो शिक्का लागत होता, तो या संदर्भाने लागत होता.

आता गंमत बघा. ते उल्लेख करणाऱ्यांनी संदर्भसूचीत काय लिहिलं असेल? 'पोर्टर जे, जिक एच. ॲडिक्शन रेअर इन पेशंट्स ट्रीटेड विथ नार्कोटिक्स.' मग जर्नलचं संक्षिप्त नाव, मग १९८०, अर्धविराम, खंड ३०२, अपूर्णविराम, पान १२३. म्हणजे मांडणी अगदी बिनचूक असू शकते. आणि पान १२३ उघडून पाच वाक्यं वाचायचे कष्ट मात्र अनेकांनी घेतले नव्हते, किंवा वाचूनही सोयीचं तेवढं घेतलं. शीर्षकातही 'रुग्णालयात दाखल' हे शब्द नाहीत, त्यामुळे फक्त शीर्षक वाचणारा फसणारच.

तुम्ही म्हणाल, मग मांडणीला काय अर्थ उरला? तर २०१७ मधल्या मंडळींना ते ६०८ उल्लेख सापडले कसे? प्रत्येकाने खंड ३०२, पान १२३ असं एकाच पत्त्यावर बोट ठेवलं होतं, म्हणून सापडले. कोणी 'बोस्टनमधल्या एका अभ्यासानुसार' असं मोघम लिहिलं असतं, तर ते मोजताही आलं नसतं आणि खोडताही आलं नसतं. संदर्भ म्हणजे आपलं म्हणणं तपासायला दुसऱ्याला दिलेला पत्ता. तो पत्रावर लिहितात तसा ठरलेल्या क्रमाने लिहायचा, कारण पोस्टमन आपल्या ओळखीचा नसतो.

आता पद्धतींकडे येऊ. एपीए, एमएलए, शिकागो, व्हँकुव्हर, हार्वर्ड अशी नावं ऐकून मुलं दचकतात. वास्तविक सगळ्या पद्धती चारच प्रश्न विचारतात: कोणी, कधी, काय, कुठे. क्रम वेगळा, विरामचिन्हं वेगळी.

लेखकाचं आडनाव आणि साल कंसात द्यायची जी रीत आहे, तिचा उगम हार्वर्डमधले प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ च्या एका निबंधात दाखवतात. निबंध कशावर? बिनशंखाच्या गोगलगाईच्या अंड्यांच्या वाढीवर. म्हणून 'हार्वर्ड पद्धत'. मात्र एक लक्षात ठेवा: हार्वर्ड नावाचं एकच अधिकृत नियमपुस्तक नाही. जर्नल नुसतं 'हार्वर्ड पद्धत वापरा' म्हणत असेल, तर त्या जर्नलचा ताजा अंक उघडून त्यांचं हार्वर्ड कोणतं, ते बघावं लागतं. एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन. त्यांचे पहिले नियम १९२९ मध्ये एका जर्नलमध्ये सात पानांत मावले होते. आज सातव्या आवृत्तीचं पुस्तक चारशे पानांच्या वर गेलंय. (हशा) व्हँकुव्हर पद्धत अशी आली की १९७८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात जमले. त्यांना वीट आला होता तो एकाच गोष्टीचा: एका जर्नलने निबंध नाकारला, की लेखकाने दुसऱ्याकडे पाठवण्यासाठी सगळी सूची पुन्हा टंकलिखित करायची. म्हणजे टाइपरायटरवर! तेव्हा त्यांनी ठरवलं की आपण सगळे एकाच प्रकारची सूची स्वीकारू. त्यात मजकुरात फक्त आकडा येतो, आणि सूची अकारविल्हे नसून उल्लेखाच्या क्रमाने लागते.

कोणती चांगली? हा प्रश्न मला नेहमी विचारतात. माझं मत विचाराल तर, समाजशास्त्रं आणि मानव्यविद्या यांत नाव-साल पद्धत चांगली, कारण '(फुले, १८७३)' एवढं वाचल्यावर जाणकाराला 'गुलामगिरी' डोळ्यांसमोर येतं. इतिहासात तळटीप चांगली, कारण दप्तर, रुमाल, पत्राची तारीख असला ऐवज कंसात मावत नाही. वैद्यकात आणि तंत्रशास्त्रात एका वाक्याला आठ-आठ संदर्भ असतात, तिथे आकडाच बरा. पण निर्णय तुमचा नाही. जर्नल म्हणेल ते.

छोट्या नियमांत मी फार शिरत नाही, ते पुस्तकात आहेत. नमुन्यापुरते दोन. एपीएच्या सातव्या आवृत्तीत तीन किंवा अधिक लेखक असतील तर मजकुरात पहिल्याचं नाव आणि पुढे 'व इतर'. सूचीत मात्र वीस लेखकांपर्यंत सगळी नावं द्यायची. वैद्यकीय जर्नलांच्या रीतीत सूचीत पहिले सहा आणि मग 'व इतर'. दुसरं, एपीएने सातव्या आवृत्तीत प्रकाशनाचं गाव काढून टाकलं, शिकागोनेही २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत त्याची सक्ती सोडली. न्यूयॉर्कच्या बड्या प्रकाशकांसाठी ते ठीक आहे. मराठीत मला ते पटत नाही. आपल्याकडे जुनं पुस्तक शोधताना 'वाई' किंवा 'धुळे' एवढा एक शब्द माणसाला बरोबर ग्रंथालयापर्यंत नेतो. मराठी जर्नलने परवानगी दिली, तर गाव लिहाच.

मराठी माणसाची खरी अडचण सुरू होते ती नावापासून. ही सगळी यंत्रं पाश्चात्त्य नावांसाठी बनलेली आहेत: शेवटचा शब्द आडनाव, आधीचे सगळे आद्याक्षरात. पु. ल. देशपांडे यात नीट बसतात. पण साने गुरुजी घाला. सॉफ्टवेअर तुम्हाला 'गुरुजी, सा.' असं काढून देतं. तुकडोजी महाराजांचं 'महाराज, तु.' होतं. (हशा) हसू नका, असं छापून येतं. साने गुरुजींचं नाव पांडुरंग सदाशिव साने, म्हणून 'साने, पां. स.' हे बरोबर. किंवा पुस्तकावर 'साने गुरुजी' असेल तर ते अखंड एकच नाव म्हणून घालायचं. झोटेरोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नावासाठी एकच रकाना निवडायची सोय असते. ती वापरायची, म्हणजे ते नाव मोडत नाही.

टोपणनावांचं तसंच. 'कुसुमाग्रज' म्हणून छापलेला कवितासंग्रह 'कुसुमाग्रज' म्हणूनच द्या, आणि वि. वा. शिरवाडकर या नावाने छापलेलं नाटक 'शिरवाडकर' म्हणून. नियम साधा आहे: शीर्षकपानावर जे आहे ते. वाचक ग्रंथालयात तेच शोधणार. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे सांगणं गरजेचं वाटलं, तर चौकोनी कंसात दुसरं नाव घाला. आणि डॉ., प्रा., श्री., महामहोपाध्याय ही बिरुदं सूचीत येत नाहीत. आदर मजकुरात दाखवा. सूचीत 'डॉ.' ठेवलं, तर निम्मे लेखक 'ड' अक्षराखाली जाऊन बसतात.

इंग्रजी जर्नलसाठी मराठी पुस्तकाचा संदर्भ द्यायचा, तर नाव रोमन लिपीत कसं लिहायचं? जोतीराव, ज्योतिराव, जोतिबा अशी रूपं मराठीतच आहेत, रोमनमध्ये त्यांची आणखी पिल्लं होतात. एक रूप ठरवा आणि निबंधभर तेच ठेवा. पुस्तकाचं मराठी शीर्षक रोमन लिपीत लिहून पुढे चौकोनी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ द्यायचा. हा क्रम उलटा करू नका. फक्त इंग्रजी भाषांतर दिलं, तर त्या नावाचं पुस्तक जगात कुठल्याच कपाटात नसतं.

नावानंतर साल. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

जुन्या मराठी पुस्तकांवर शालिवाहन शक असतो. ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेत शिकवतात. शिवराज्याभिषेक: ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ७८ मिळवा, १६७४. बरोबर. आता शिवजन्म: फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. ७८ मिळवले तर १६२९ येतं. पण आपण जयंती साजरी करतो ती १९ फेब्रुवारी १६३० ची. कारण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या दिवसांना ७९ मिळवावे लागतात. तेव्हा शीर्षकपानावर शक असेल तर शक लिहा आणि शेजारी इसवी सन द्या. महिना कळत नसेल तर दोन्ही वर्षं आडव्या रेघेने जोडून लिहा. ओढूनताणून एक आकडा काढू नका.

दुसरी गल्लत पुनर्मुद्रणाची. समजा तुम्ही बाबासाहेब आंबेडकरांचा जातिसंस्थेवरचा पहिला निबंध वापरताय, 'कास्ट्स इन इंडिया'. तुमच्या हातात आहे महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने काढलेला, वसंत मून यांनी संपादित केलेला समग्र लेखनाचा पहिला खंड, १९७९ चा. किंवा दिल्लीहून २०१४ मध्ये निघालेलं त्याचं पुनर्मुद्रण. विद्यार्थी सरळ लिहितो: '(आंबेडकर, २०१४)'. बाबासाहेब गेले १९५६ मध्ये. आणि खरं सांगायचं तर चूक निव्वळ हास्यास्पद नाही, ती विचाराच्या इतिहासाला धक्का देणारी आहे. हा निबंध त्यांनी ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते. तो छापला गेला मे १९१७ च्या 'इंडियन अँटिक्वेरी'त. म्हणजे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या एकोणीस वर्षं आधी. '२०१४' लिहिलं की हा सगळा क्रमच नाहीसा होतो. म्हणून '(आंबेडकर, १९१७/१९७९)' असं दोन्ही सालांनिशी लिहायचं. पहिलं साल विचार कधीचा ते सांगतं, दुसरं तुमचा पान क्रमांक कोणत्या पुस्तकातला ते. सूचीत ते असं दिसेल: आंबेडकर, बी. आर. (१९७९). कास्ट्स इन इंडिया. मग वसंत मून (संपा.), मग ग्रंथाचं नाव तिरप्या अक्षरांत, कंसात खंड १, मग प्रकाशक, आणि शेवटी कंसात 'मूळ प्रकाशन १९१७'.

याच निबंधाची आणखी एक गंमत आहे. अनेक ठिकाणी त्याचा मूळ संदर्भ 'इंडियन अँटिक्वेरी, खंड ४१, मे १९१७' असा दिलेला आढळतो. आपण जरा हिशोब करू. 'इंडियन अँटिक्वेरी' सुरू झालं १८७२ मध्ये, वर्षाला एक खंड. १८७२ चा खंड पहिला, तर १९१७ चा कितवा? मोजा. सेहेचाळिसावा. एकेचाळिसावा खंड १९१२ चा आहे. रोमन आकड्यांत ४१ आणि ४६ यांच्यात फरक एकाच 'व्ही' अक्षराचा. तो गळला की पाच वर्षं गळतात. कोणी तो खंड ४१ मागवून मे महिन्याची पानं चाळली, तर त्याला निबंध सापडणार नाही. आणि तरी हा आकडा एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो, कारण दुसरा पहिल्याचं बघून उतरवतो.

अशी उतरवाउतरवी मोजताही येते. सिमकिन आणि रायचौधरी या दोघांनी २००३ मध्ये एक छोटा निबंध लिहिला. त्यांनी भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या निबंधाचे सुमारे ४,३०० उल्लेख घेतले. त्यांतल्या १९६ उल्लेखांत खंड, पान किंवा साल यांत छपाईची चूक होती. आता प्रत्येकाने मूळ बघून स्वतः लिहिताना चूक केली असती, तर चुका निरनिराळ्या असायला हव्यात. पण वेगवेगळ्या चुका निघाल्या फक्त ४५. एकच चुकीचा पान क्रमांक ७८ जणांकडे होता! परीक्षेत शेजारच्याची वही बघितली की चूकही तीच येते, तसं. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की उल्लेख करणाऱ्यांपैकी साधारण वीस टक्केच मूळ निबंध वाचतात. त्या टक्क्यावर वाद घालता येईल, सूची उतरवली म्हणजे निबंध वाचलाच नाही असं होत नाही. पण उतरवतात, याबद्दल वाद नाही.

याच्याही पुढची पायरी म्हणजे अस्तित्वातच नसलेला निबंध. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये, संदर्भ कसा लिहावा याचा नमुना म्हणून एक कल्पित निबंध दिलेला होता. व्हान डर गीअर व इतर, २००० साल, शीर्षक 'द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल'. निव्वळ नमुना. अर्जावर 'अबक' लिहितात तसा. लायडन विद्यापीठातले प्राध्यापक क्रोनेनबर्ग यांना संशय आला, त्यांनी शोध घेतला, आणि ॲन-विल हार्झिंग यांनी २०१७ मध्ये ते जगापुढे मांडलं. या नसलेल्या निबंधाला जवळपास चारशे उल्लेख मिळाले होते. बरेचसे परिषदांच्या कागदांमधून, म्हणजे साच्यातली नमुना-ओळ पुसायचीच राहून गेलेली. पण काहींनी तो चक्क आधार म्हणूनही दिला होता.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी आता हे काम सोपं केलंय. चॅटबॉटला 'मला या विषयावर दहा संदर्भ दे' म्हटलं, की तो दहा देतो. लेखक खरे, जर्नल खरं, साल पटण्यासारखं, मांडणी सुबक, आणि निबंध लिहिलेलाच नसतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी असेच खोटे न्यायनिवाडे कोर्टात सादर केले आणि न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड केला. म्हणून परीक्षक आता सूची बघताना आधी दोनचार संदर्भ शोधून पाहतात. डीओआय दिलेला असेल तर काम एका मिनिटाचं आहे. डीओआय म्हणजे निबंधाचा कायमचा क्रमांक, तो नेहमी '१०' आणि टिंबाने सुरू होतो. संकेतस्थळ बदललं तरी तो त्याच निबंधाकडे नेतो, अर्थात प्रकाशकाने नवा पत्ता नोंदवला असेल तर. प्रत्येक डीओआय पाठवण्याआधी स्वतः एकदा दाबून बघा. उघडलेलं शीर्षक तुमच्या शीर्षकाशी जुळतं का, एवढंच पाहायचं.

मूळ मिळालंच नाही तर? तेव्हा प्रामाणिक वाट आहे. राजवाड्यांचं म्हणणं तुम्ही अमुक लेखकाच्या पुस्तकात वाचलं, तर मजकुरात '(राजवाडे, अमुक यांनी उद्धृत)' लिहा आणि सूचीत फक्त अमुक लेखकाचं पुस्तक घाला. यात कमीपणा वाटतो म्हणून लोक थेट राजवाड्यांचा खंड आणि पान देतात. मग अमुक लेखकाने पान चुकवलेलं असेल, तर ती चूक तुमच्या नावावर लागते.

संतवाङ्मयाबद्दल दोन शब्द, कारण हा प्रश्न मराठीतच येतो. ज्ञानेश्वरीला पान क्रमांक निरुपयोगी, अध्याय आणि ओवी द्या. पण आवृत्तीही सांगा, कारण ओव्यांचे क्रमांक प्रतीप्रतीत मागेपुढे होतात. तुकारामांच्या गाथेत तर हे फारच होतं. इंदुप्रकाशची पंडितांची गाथा १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघाली, नंतर सरकारी गाथा, देहूची, आणखी कितीतरी. नुसतं 'अभंग क्र. ५००' म्हणण्याला काही अर्थ नाही. कुठल्या गाथेतला ते सांगा आणि अभंगाचा पहिला चरणही द्या, म्हणजे वाचकाला दुसऱ्या गाथेतही तो सापडेल. 'समग्र फुले' वापरतानाही तेच. कीर-मालशे यांची १९६९ ची आवृत्ती आणि य. दि. फडके यांनी संपादित केलेली १९९१ ची, यांचे पान क्रमांक एक धरून चालू नका.

आणि 'तत्रैव'. तळटिपांत मागचाच संदर्भ पुन्हा आला की आपण 'तत्रैव' लिहितो. भारदस्त वाटतं. पण परीक्षक म्हणतात, मध्ये एक परिच्छेद वाढवा. तुम्ही वाढवता, त्याबरोबर एक नवी तळटीप मध्ये शिरते, आणि खालचं 'तत्रैव' आता भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं. कोणाच्या लक्षातही येत नाही. शिकागोच्या नियमपुस्तकानेही २०१७ च्या सतराव्या आवृत्तीपासून 'तत्रैव' टाळायला सांगितलंय. त्याऐवजी आडनाव, छोटं शीर्षक, पान. दोन शब्द जास्त जातात, जाऊ देत.

प्रत्यक्ष काम कसं करायचं? वाचतानाच नोंद करा, लिहिताना नव्हे. पुस्तक हातात असताना शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आवृत्ती, साल, प्रकाशक सगळं त्या मागच्या पानावर असतं, आणि पुस्तक परत केल्यावर तेच आठवत नाही. झोटेरो फुकट आहे, त्यात हजारो जर्नलांच्या पद्धती तयार आहेत. एका जर्नलची दुसऱ्यात बदलायला क्षण लागतो. मागे घेतलेला निबंध तुमच्या संग्रहात असेल तर ते तशी सूचनाही देतं. पण कचरा घातला तर ते सुबक कचरा बाहेर काढतं. गुगल स्कॉलरवरून आयती ओळ उचलली असेल तर मूळ पानाशी ताडून घ्या. शेवटी छापील प्रत आणि पेन्सिल घेऊन बसा. मजकुरातला प्रत्येक कंस सूचीत आहे का, खूण करा. मग उलट, सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात आलीय का. दोघांनी मिळून केलं तर लवकर होतं, एकाने वाचायचं, दुसऱ्याने शोधायचं.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, संदर्भसूची लांब असली की सिमिलॅरिटी वाढते. मग कमी संदर्भ द्यावेत का?

मुळीच नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत स्पष्ट आहे की साम्य मोजताना संदर्भसूची आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं वगळायची. दहा टक्क्यांची मर्यादा आहे ती हे वगळून. तपासणाऱ्याने सॉफ्टवेअरमध्ये ती निवड केलेली नसते, म्हणून आकडा फुगतो. अहवालावर काय वगळलंय ते लिहिलेलं असतं, ते बघून ग्रंथपालांना पुन्हा काढून द्यायला सांगा. संदर्भ गाळणं हा उपाय म्हणजे तपासणीत बसण्यासाठी श्रेय काढून टाकणं झालं.

प्रश्न: मी लोककलावंतांच्या मुलाखती घेतल्यात. त्या सूचीत कशा घालू?

तुमच्या अभ्यासासाठी तुम्हीच घेतलेल्या मुलाखती ही तुमची सामग्री आहे, एपीएच्या रीतीप्रमाणे ती सूचीत येत नाही. मजकुरात कोण बोलतंय, कधी, कुठे ते सांगा, आणि संमतीनुसार नाव द्या किंवा झाका. सूचीत तेच घालायचं जे वाचक स्वतः मिळवू शकतो. ध्वनिमुद्रण एखाद्या संग्रहालयात जमा केलंत आणि त्याला नोंदणी क्रमांक मिळाला, तर मात्र ते सूचीत यायलाच हवं. आणि माझं सांगणं असं की जमा कराच. कलावंत सत्तरीचे असतील, तर पुढच्या अभ्यासकाला तो आवाज तिथूनच मिळणार.

प्रश्न: पुस्तकावर सालच नसेल तर?

'साल नाही' असं लिहायची सोय बहुतेक पद्धतींत आहे, मराठीत 'ता. ना.' किंवा सरळ 'प्रकाशनवर्ष नमूद नाही' असं लिहा. पण त्याआधी प्रस्तावनेच्या शेवटी तारीख आहे का बघा, बऱ्याचदा असते. गुढीपाडवा, विजयादशमी अशी तिथी आणि शक असेल तर मघाचा हिशोब करा. असं काढलेलं साल चौकोनी कंसात घालायचं, म्हणजे ते शीर्षकपानावरचं नसून तुम्ही काढलेलं आहे हे वाचकाला कळतं.